पेरणीआधीचं स्वप्न

कोगुटा
१९ मे २०२०

अवुओर,

तुझ्या भावाला पुरलं. म्हणजे यागोचं फळ पुरलं.

मोम्बासात त्याला तिथंच कुठंतरी मातीत घातलं. रस्ते बंद, प्रेत आणायला परवानगी नाही, हे तुला माहीत आहे. फोन तुलाच आला होता. इथं ओडुओरकाकांनी जुन्या रीतीनं केलं, सरोवरात बुडालेल्या आणि न सापडलेल्या माणसासाठी करतात तसं. ओढ्याकाठच्या यागोच्या झाडाचं एक लांब फळ उतरवलं, चादरीत गुंडाळलं, पेटीत ठेवलं. पेटी फार हलकी होती. उचलणारे चौघे उगाच वाकून चालत होते.

पंधराच माणसं. चीफनं पोलीस उभा केला होता. तुझ्या वडलांच्या वेळी लोक आठवडाभर अंगणातून हलले नव्हते. या वेळी कोणी मोठ्यानं रडलंही नाही. मास्क लावून रडता येत नाही, तो ओला होतो आणि नाकाला चिकटतो. तुझी आई तेवढी मास्क काढून रडली. पोलिसानं तिकडं पाहिलं नाही. चांगला मुलगा होता.

माती टाकून झाल्यावर ओडुओरकाका माझ्यापाशी आले. म्हणजे लांबच उभे राहिले.

"न्यार सेमे," माझ्या माहेरच्या नावानं हाक मारून म्हणाले, "घाई नाही. पण ऑगस्टची पेरणी आहे. थोरल्याच्या बायकोनं बी टाकल्याशिवाय धाकट्यांच्या बायका टाकत नाहीत. आणि विधवेनं तसंच टाकलं तर पीक वाळतं, लेकरंही वाळतात. एक तर ओबिएरो तुझ्या घरी येईल. नाहीतर तुझ्या नवऱ्यानं, ओगोलानं, स्वप्नात येऊन, तुझ्याजवळ झोपून, तुला सोडलं पाहिजे. तिसरी वाट आपल्यात नाही."

ओबिएरो मागं उभा होता. काठीनं बुटाची माती काढत होता. मला तुझा हा भाऊ कधी वाईट वाटला नाही. अजूनही वाटत नाही.

फोन करू नकोस. चार्जिंगचं दुकान बंद आहे, आणि फोन चालू असला की आई शेजारी येऊन बसते. झकायो ओमेना मासळीचा ट्रक घेऊन नैरोबीला येतो, मालाच्या गाड्यांना बंदी नाही. उत्तर त्याच्याजवळ दे.

अपोंडी


नैरोबी
२ जून

वहिनी,

पत्राला सुक्या मासळीचा इतका वास होता की शेजारीण विचारून गेली, काय शिजवलंस म्हणून. दोन महिन्यांत कोणी दार वाजवलं नव्हतं. बरं वाटलं.

तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. वाट तुमचीच आहे. तुमच्या 'मोन ओचुंग' गटाच्या बायांनी शोधलेली, आणि त्यांत पुढं तू. हात धुवायच्या बादल्या वाटायच्या म्हणून चीफकडून परवानगी काढली कोणी? बादलीच्या निमित्तानं बंद घरात शिरून कोण कशी आहे ते बघायचं, हे सुचलं कोणाला? त्याच बादल्यांबरोबर तू विधवांना शिकवत फिरलीस: पहाटे उठायचं, सासूच्या दारात बसायचं, सांगायचं, तो आला होता. स्वप्न कोण तपासणार? रीत त्यांचीच, ती त्यांना मोडता येत नाही. पेरेझच्या दिराचं तोंड कसं झालं याची तू फोनवर नक्कल केली होतीस. मी हसून बाकावरून पडले होते.

आता तूच सांग. उद्याच सांग.

इथं मी खोलीतूनच काम करते. आमच्या बायकांच्या संस्थेचा मदतीचा फोन माझ्याकडे आहे. बाया कुजबुजत बोलतात, कारण नवरा भिंतीपलीकडं असतो; मीही कुजबुजते, का ते मला कळत नाही. एक बाई रोज दुपारी फोन करते आणि बोलत नाही. मागं भांडी वाजतात, कधी रेडिओ. मी म्हणते, "मी आहे." ती थोडा वेळ थांबते आणि ठेवते.

ओगोलाबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिता येत नाही.

अवुओर


कोगुटा
२१ जून

अवुओर,

तू म्हणतेस ते खरं आहे. सगळ्यांना मीच शिकवलं. कुठल्या बाजूनं आला ते आधी ठरवून ठेवायचं, डोळे खाली, जास्त बोलायचं नाही. पेरेझकडून मी घोकून घेतलं होतं. मला ते सोपं वाटायचं. माझा नवरा जिवंत होता.

आता मी वाट बघते आहे. हे तुला कसं सांगावं कळत नाही. मोकळं होण्यासाठी नाही. फळ पुरताना मला काहीच वाटलं नाही. ते पुरणं खरं वाटावं म्हणून तरी तो एकदा यायला हवा. मी झोपते, झोप लागते, स्वप्नंही पडतात. त्यांत साबण असतो, बादल्या असतात, चीफच्या ऑफिसातली रांग असते. तो नसतो. आज मी खोटं सांगितलं आणि उद्या तो आला, तर तो दारात उभा राहून काय समजेल?

ओबिएरो येऊन गेला. हातावर कोट, मास्क हनुवटीला.

"वहिनी, मी नुसता कोट ठेवतो. रात्रभर खिळ्याला राहू दे. सकाळी नेतो. काकांना सांगू, झालं म्हणून. असंही चालतं."

"आणि तू?"

"मी माझ्या बायकोकडेच, अकोथकडे. मला काय हौस आहे का? या रोगात कोण कुणाच्या घरात शिरतं?"

"मग मास्क नाकावर घे."

त्यानं घेतला. मग म्हणाला, "कोट चांगला आहे. लग्नातला आहे."

"म्हणूनच नको. उद्या म्हणशील, कोट टांगला ते घर माझं."

"मी नाही म्हणणार."

"तुझी पोरं म्हणतील."

त्यानं बराच विचार केला. "ती म्हणतील," म्हणाला, आणि कोट घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अकोथ कुंपणापलीकडून बोलली. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. "न्यार सेमे, तुझ्या अंगाचं तू बघ. पण माझ्या कणगीत आता नुसता झाडू फिरतो. तुझा नवरा गेला म्हणून माझी पोरं का जावीत?"

"मी काय करू, अकोथ?"

"कोट टांगून घे की बाई. नाहीतर तो माणूसच टांगून घे. मला चालेल."

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली. तिची धाकटी खरंच बारीक झाली आहे. बाजार बंद आहे, ओबिएरोच्या होडीला रोज सोडत नाहीत. ती खोटं बोलत नाही, अवुओर. इथं खोटं बोलायचं काम फक्त माझ्याकडे आहे, आणि मला ते जमत नाही.

अपोंडी


नैरोबी
१२ जुलै

वहिनी,

रस्ते उघडले. मी येत नाही आहे. फोन थांबत नाहीत. शाळा बंद, मुली घरात, आणि घरात कोण असतं ते तुला सांगायला नको. मी एक दिवस उठले तर तो फोन घ्यायला दुसरं कोणी नाही. हे कारण खरं आहे. दुसरं कारण असं की तिथं येऊन मी त्या फळाच्या मातीपुढं उभी राहू शकणार नाही.

न बोलणारी ती बाई आता फोन करत नाही. नंबर लागत नाही. मी अजूनही दुपारी कानाला लावते आणि म्हणते, "मी आहे." पलीकडं कोणी नसतं, ते मला माहीत असतं.

म्हणून सांगते, खोटं बोल. ज्या वेळेवर खोटं बोलल्या नाहीत त्यांचे आवाज मी दिवसभर ऐकते. तुझं घर, तुझं शेत, तुझं अंग, तिन्ही एका वाक्यावर आहेत. तो येणार नाही. तो मेला. मेलेले येत नाहीत, हे तरी आपल्या दोघींत ठरलेलं होतं ना?

अवुओर


कोगुटा
९ ऑगस्ट

अवुओर,

सांगितलं.

काकांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. शुक्रवारी उजाडताना मी आईच्या दारात जाऊन बसले. तिनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि स्टूल ओढून बसली.

"आला?"

"आला."

"कुठून?"

"सरोवराच्या बाजूनं."

"वहाणा होत्या?"

"नव्हत्या."

"उभाच होता?"

"बसला. मक्याची उगाली मागितली. माशाचं डोकं मागितलं."

ती मान हलवत राहिली. "डोकंच मागणार. लहानपणी भावांना हात लावू द्यायचा नाही. मग?"

"मग झोपला."

"जवळ?"

"जवळ."

तिनं डोळे मिटले. इथं उठायचं असतं. मीच सगळ्यांना सांगते, इथं उठा, पुढं एक शब्द नको. मी उठतच होते.

"माझं काही विचारलं का त्यानं?"

हे मी कोणाला शिकवलं नव्हतं.

"विचारलं," मी म्हटलं. "आई जेवते का, म्हणाला."

तिनं माझा हात धरला. मार्चपासून आम्ही कोणी कोणाला शिवलो नव्हतो. मग ती अंगणात गेली आणि ओरडली, "ओगोला घरी येऊन गेला! माझा मुलगा घरी येऊन गेला!" कोंबड्या उडाल्या. काका दात घासत बाहेर आले, तसेच ऐकत उभे राहिले, आणि म्हणाले, "बरं झालं." त्यांचंही ओझं उतरलं असावं.

पेरणी झाली. आधी आई, मग मी. अकोथ बियांचं टोपलं घेऊन बांधावर उभीच होती. माझं पहिलं बी मातीत पडलं न पडलं तोच ती सुटली.

म्हणजे मी जिंकले. घर माझं आहे, शेत माझं आहे, ओबिएरो आता मला बघून मोकळेपणानं हात हलवतो. काल झोपताना मी दाराला कडी लावली नाही. का, ते विचारू नकोस.

अपोंडी


नैरोबी
२४ ऑगस्ट

न्यार सेमे!

पत्र वाचून मी खोलीत एकटीच नाचले. खालचा माणूस काठीनं छत ठोकत होता, तरी नाचले.

मागच्या सोमवारी संस्थेची बैठक झाली, प्रत्येकीच्या घरून, फोनवर. मी तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. आमच्या बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत कोर्टातून जे झालं नाही ते या बाया स्टुलावर बसून करतात. आता स्याया आणि मिगोरीकडच्या गटांनाही हे शिकवायचं ठरलं आहे. 'आई जेवते का' हेसुद्धा शिकवणार आहेत. बाई म्हणाल्या, त्यानं खरं वाटतं.

तुझ्या पत्रात आनंद दिसला नाही. दमली असशील. पाऊस कसा आहे?

अवुओर


कोगुटा
२७ सप्टेंबर

अवुओर,

पाऊस चांगला आहे. मका गुडघ्याच्या वर गेला.

तो येतो.

पेरणीनंतर थोड्या दिवसांनी पहिल्यांदा आला. सरोवराच्या बाजूनं नाही. रस्त्याच्या बाजूनं, बसमधून उतरून आल्यासारखा, पण हातात पिशवी नाही. दारात उभा राहतो. आत येत नाही. विचारतो, "तो कोण होता?"

मी म्हणते, "कोण?"

"जो येऊन गेला. ज्यानं माशाचं डोकं खाल्लं. जो इथं झोपला. आईनं सगळ्या वस्तीला ओरडून सांगितलं. मी नव्हतो तो. मला रस्ताच सापडत नव्हता. मग तो कोण होता?"

मी म्हणते, "तूच होतास." तो मान हलवतो. रागावत नाही. त्याला खरंच कळून घ्यायचं असतं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मी ज्याची वाट बघत होते तो हाच आहे, आणि आता तो आला की मला घाम फुटतो.

कोणाला सांगणार? वस्तीच्या लेखी तो येऊन, मला सोडून, केव्हाच गेला.

मंगळवारी आम्ही साबण करत होतो, शाळेच्या मागं, लांब लांब बसून. मी विचारलं, "तुमचे येतात का?" कढई ढवळण्याचा आवाज तेवढा येत होता. मग पेरेझ म्हणाली, "माझा येतो. विचारतो, कोण होता."

"माझा तर आत येऊन पलंगाखाली बघतो," सलोमी म्हणाली.

कोणीतरी हसलं. पेरेझ म्हणाली, "जिवंत असताना तरी कुठं विश्वास होता त्याचा?" मग सगळ्याच हसलो, इतक्या की साबण उतू गेला. आणि हसू संपल्यावर कोणी कोणाकडे बघेना.

"हे तू सांगितलं नव्हतंस," सलोमी मला म्हणाली.

"मला माहीत नव्हतं."

"ते दिसतंच आहे. पण सांगितलं नव्हतंस."

अज्वांग तिथंच होती. ही आमच्याच भावकीतली, विशीचीही नाही, नवरा जुलैत तापानं गेला. तिच्या दिरानं कोट आधीच आणून ठेवला आहे. तिला शिकवायचं म्हणूनच बोलावलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खोटं बोललं की जिवंत दीर येत नाही, मेलेला नवरा येतो?"

"हो."

"आणि खरं बोललं तर?"

आमच्यात कोणी ते करून पाहिलं नव्हतं.

अवुओर, मी अंगणात जाऊन सांगणार आहे. स्वप्न पडलं नव्हतं, कोणी पुरुष घरात आला नव्हता, तरी मी पहिलं बी टाकलं आणि मका उभा आहे. हे एकदा सगळ्यांसमोर बोललं गेलं तर अज्वांगला खोटं बोलावं लागणार नाही. तिच्या दारात कोणी येऊन उभं राहणार नाही.

अपोंडी


नैरोबी
९ ऑक्टोबर

वहिनी,

सांगू नकोस.

तू एक तोंड उघडशील आणि काका प्रत्येकीला बोलावून विचारतील. पेरेझचं घर जाईल, सलोमीचं जाईल. स्याया-मिगोरीत आम्ही ज्यांना शिकवलं, त्यांची तर मला नावंही माहीत नाहीत, त्यांचंही जाईल. भुताला काय उत्तर द्यायचं ते मागाहून बघू. काकांना काय देशील?

हे दुःख आहे, दुसरं काही नाही. पुरायला माणूस मिळाला नाही की असं होतं. संस्थेत एक समुपदेशक आहे, तिच्याशी बोल, मी फोन लावून देते. आणि अज्वांगला नीट शिकव. ती लहान आहे, तिला घर हवं आहे. खरेपणाची हौस आपण घर हातात असलेल्यांनी करावी.

हे वाक्य लिहून मी खोडणार होते. राहू देते.

एक विचारू? तो तुझ्याकडे येतो. माझ्याकडे एकदाही आला नाही. मोम्बासाचा फोन मी उचलला होता. तो माणूस म्हणाला, "ओगोलाचं कोण बोलतंय?" मी म्हटलं, बहीण. त्यानं सांगितलं आणि विचारलं, "काही प्रश्न आहेत का?" मी म्हटलं, नाही.

मी डिसेंबरात येते. तोवर थांब.

अवुओर


कोगुटा
८ नोव्हेंबर

अवुओर,

थांबले नाही.

आधी एकेकीच्या घरी बादली घेऊन गेले आणि विचारलं. पेरेझ म्हणाली, सांग. सलोमी म्हणाली, "आधी माझ्या घराचे पत्रे बसू देत, मग सांग." मी पत्रे बसेपर्यंत थांबले. बाकीच्या म्हणाल्या, तुझं तू सांग, आमचं आम्ही बघू.

रविवारी दुपारी अंगणात सगळे होते. अकोथ चुलीपाशी कणसं भाजत होती. तिचा मका लवकर भरला आहे. काका खुर्चीत, हातात कणीस. ओबिएरो जाळं दुरुस्त करत होता. आई दाराच्या सावलीत बसली होती. मी बायांना बोलावलं नव्हतं, पण त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, अज्वांगही. प्रत्येकीच्या हातात बादली.

"काका," मी म्हटलं, "ऑगस्टात ओगोला आला नव्हता. मला स्वप्न पडलं नाही. मी तसंच पेरलं."

काकांनी चघळणं थांबवलं. "खोटं बोललीस?"

"हो."

"म्हणजे ती पेरणी झालीच नाही."

अकोथ उठली. "झाली नाही? मग तुमच्या हातात काय आहे, काका? माझ्या शेतातलं आहे ते. पेरणी झाली नसेल तर द्या इकडं."

काकांनी कणसाकडं पाहिलं. अर्धं खाऊन झालं होतं. त्यांनी ते तिला दिलं नाही, आणि पुढं खाल्लंही नाही. तसंच धरून राहिले.

"गार होतंय," ओबिएरो म्हणाला.

"तू गप्प बस. लेकरांना काही झालं तर?"

"तर मला येऊन विचारा," मी म्हटलं. "मी कुठं जात नाही. ते माझं घर आहे."

मग पेरेझ कुंपणापासून म्हणाली, "माझाही आला नव्हता." सलोमीनं तिच्याकडे रागानं पाहिलं आणि म्हणाली, "माझाही." पुढं एकेक करून सगळ्या बोलल्या. अज्वांग शेवटी. "माझा अजून आला नाही," म्हणाली, "आणि मी त्याच्यासाठी थांबत नाही. उद्या घेवडा पेरते. उशीर झाला आहे, तरी पेरते."

काकांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. इतक्या घरांची पेरणी त्यांना मोडता येत नव्हती. पोटं भरत होती. "जग कुठं चाललंय," म्हणाले, आणि कणीस हातात घेऊनच आपल्या घरात गेले.

अज्वांगनं पेरलं. तिचे दीर बांधावर उभे होते. आम्ही सगळ्या शेतात होतो. ते आत उतरले नाहीत. नंतर तिच्या छपरावर दोनदा दगड पडले, म्हणून आम्ही पाळीनं तिच्याकडे झोपायला जातो. तुझ्या बाईंना हेही सांग. स्याया-मिगोरीच्या बायांना कळव की इथं असं बोलून झालं आहे, आणि घरं अजून उभी आहेत. त्यांना बोलायचं असेल तर बोलू देत, नसेल तर नको.

आईबद्दल लिहायचं टाळत होते. सगळे पांगल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे त्यानं माझं काही विचारलं नव्हतं."

"नाही."

ती उठून आत गेली. तेव्हापासून ती अकोथच्या हातचं जेवते. माझ्या हातचं पाणीही घेत नाही. मी रोज नेऊन ठेवते, रोज परत आणते. ती मला घराबाहेर काढणार नाही, तेवढं मला माहीत आहे. बोलणारही नाही बहुतेक.

मला वाटलं होतं, खरं बोलले की तो यायचा थांबेल. परवा आला. दारातच उभा राहिला. विचारलं, "तो कोण होता?"

मी म्हटलं, "कोणी नव्हतं. मी खोटं बोलले होते. घरात मी एकटी होते."

त्यानं घरात सगळीकडं पाहिलं. चूल, पलंग, भिंतीवरचा रिकामा खिळा. त्याला पटलेलं दिसलं. मला वाटलं, आता जाईल. तो गेला नाही. त्यानं विचारलं, "मग मी कुठं होतो?"

अवुओर, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुझ्याजवळही नाही; पण तुला शोधता येईल, रस्ते उघडे आहेत. डिसेंबरात इकडं येऊ नकोस. मोम्बासाला जा. त्या दिवशी तू जे विचारलं नाहीस ते आता जाऊन विचार. कोणत्या मातीत, कोणत्या रांगेत, कोणाच्या शेजारी. कोणी सांगणार नाही, तरी विचारत राहा. माझं घर मी सांभाळते.

सापडला, तर जवळ जाऊन त्याला सांग, "ओगोला, तू इथं आहेस."

अपोंडी